कासवाचा हयातीचा दाखला

गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून बारा वर्षांत माझ्याकडे आलेले एकही पत्र मी पोच दिल्यावाचून परत पाठवलेले नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी खुद्द माझ्याविरुद्ध तक्रार आणून दिली, तेव्हा ती मी स्वतःच्या हाताने आवक रजिस्टरला चढवली, तिला क्रमांक दिला, आणि तिच्यातली तारीख चुकलेली होती म्हणून ती दुरुस्त करायला बाईंना पुन्हा जिना चढायला लावला. पोच हा लिहिणाऱ्याचा हक्क आहे, घेणाऱ्याची मेहेरबानी नव्हे. सरकारच्या विधी शाखेत छत्तीस वर्षे काढल्यावर मला दुसरे काही कळले नसेल, पण एवढे पक्के कळले आहे. असे असताना एका नोटिशीला पोच द्यायला मी साफ नकार दिला. ती नोटीस एका कासवाच्या मृत्यूची होती, आणि ती आणणाऱ्या गृहस्थांना आमच्या इमारतीत सगळे ‘मालक’ म्हणत.

मुळात ‘मालक’ हेच चूक. डोंबिवली पूर्वेची ही जागा एके काळी त्यांची होती, हे खरे आहे. बैठे कौलारू घर, मागे विहीर, विहिरीत कासव, असा सगळा संसार होता. परंतु बिल्डरच्या नावे खरेदीखत झाले त्या दिवशी त्यांची मालकी संपली, आणि तळमजल्यावरचा मागचा दोन खोल्यांचा फ्लॅट तेवढा त्यांना राहिला. या वस्तुस्थितीकडे मी सचिव झाल्या झाल्या त्यांचे लेखी लक्ष वेधले. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, तेही माझ्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीने: “मी कोणासही मालक म्हणण्यास सांगितलेले नाही. आपले पत्र एक पान अकरा ओळी. विषय दोन ओळींचा.” खाली सही, आणि सहीखाली वेळ. सकाळचे सात वाजून बारा मिनिटे.

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खाते सुटले, पण निरीक्षण सुटले नाही. भाजी आणायला निघाले की पिशवीत ताणकाटा असायचाच. “मोजल्याशिवाय बोलू नये,” हे त्यांचे आवडते वाक्य, आणि ते ज्याला ऐकावे लागले नाही असा भाजीवाला स्टेशनच्या या बाजूला नसावा. गंमत अशी, की वजन कमी भरले तर ते भांडत, आणि जास्त भरले तरी भांडत. एकदा मी शेजारी उभा असताना त्यांनी दोन भेंड्या परत केल्या. भाजीवाली वैतागली. “अहो काका, राहू द्या की! प्रेमानं टाकल्यात.”

“प्रेम वेगळं बांधून द्या,” ते म्हणाले. “वजनात नको.”

जिन्याच्या पायऱ्या त्यांनी मोजल्या होत्या. “तुमच्या मजल्यावर चढताना सातवी पायरी अर्धा इंच उंच आहे,” असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. तीन आठवड्यांनी त्याच पायरीला अडखळून माझा गुडघा फुटला. मी बिल्डरला पत्र लिहिले, स्मरणपत्र लिहिले, वकिलामार्फत नोटीस दिली. मालकांनी एवढेच विचारले, “मी सांगितलं होतं ना?” या एका प्रश्नाबद्दल मी त्यांना कधीही माफ केलेले नाही.

आता कासव. खरेदीखतात कलम अकरा असे आहे, आणि मला ते पाठ आहे: उक्त जागेतील विहीर, तीत वास्तव्य करून असलेले कासव हयात असेतोपर्यंत, बुजवू अगर झाकू नये, हे बंधन खरेदीदारावर व त्याच्या मागाहून येणाऱ्या सर्वांवर राहील. बिल्डरने म्हणे हसत हसत सही केली. बांधकामाच्या धुळीने कासव महिन्याभरात आटोपेल, असा त्याचा हिशेब असावा. कासवाने बिल्डरचे ऑफिस बंद पडलेले पाहिले. जागेसोबत कलम संस्थेच्या गळ्यात आले, आणि सात मोटारी उभ्या राहतील एवढ्या चौकात कठड्याची गोल विहीर तशीच राहिली.

आमच्या अध्यक्षांची मोठी मोटार रस्त्यावर उभी असे आणि तिला महिन्यातून एकदा कोणीतरी ओरखडा काढी. ओरखडा दिसला की ते माझ्या दारात. “सेक्रेटरी, काहीतरी करा ना यार! सात गाड्या बसतात तिथे, सात! आणि आपण काय ठेवलंय? कासव! दोनशे वर्षं जगतं ते, मी मोबाइलवर बघितलंय. माझा नातू रिटायर होईल तरी गाडी रस्त्यावरच!”

मी कायद्याचा माणूस. वन्य प्राणी घरी पाळता येत नाही, या मुद्द्यावर मी मालकांना पहिले कडक पत्र दिले. उत्तर पाठीवर आले: “मी कासव पाळलेले नाही. ते विहिरीत राहते. मी विहिरीशेजारी राहतो.” मी वनखात्यालाही लिहिले. त्यांचा माणूस आला, विहिरीत डोकावला, कासव आहे तिथेच राहू द्या आणि बाहेर काढू नका म्हणाला, चहा पिऊन गेला. एक मुद्दा निकाली निघाला.

दुसरा मुद्दा मात्र माझा बिनतोड होता. जे बंधन एखाद्याच्या हयातीवर अवलंबून आहे, त्या हयातीचा पुरावा दरवर्षी सादर झाला पाहिजे. मी निवृत्तिवेतन घेतो, तर दर नोव्हेंबरात बँकेत स्वतः जाऊन मी जिवंत असल्याचा दाखला देतो. मालकही देतात. मग कासवाला सवलत का? तसे पत्र मी दिले. माझी अपेक्षा होती की ते चिडतील, वाद घालतील, आणि वादात मी जिंकेन. पाठीवर लिहून आले: “मागणी रास्त. स्थळपाहणी करावी. १ नोव्हेंबर, सकाळी आठ.”

त्यानंतर दर एक नोव्हेंबरला, सकाळी आठ वाजता, मी वही घेऊन खाली उतरत असे. मालक इस्त्रीचा सदरा घालून कठड्यापाशी उभे असत. हातात एक जुने पितळी वजन, खात्याने बाद केलेले. ते कठड्यावर तीनदा ठोकायचे. ठक, ठक, ठक. मग आम्ही दोघे पाण्याकडे पाहत थांबायचो. काळ्या पाण्यात आधी नुसता एक बुडबुडा यायचा, मग अंगठ्याएवढे डोके, आणि मग ती हिरवट, रुंद, शेवाळलेली पाठ. पाठीवर उजव्या अंगाला नखाएवढा टवका उडालेला. ही ओळखीची खूण. मालक मूठभर सुका जवळा पाण्यावर टाकायचे. स्वतः कट्टर शाकाहारी. मासळीवालीसमोर पाच फुटांवर उभे राहून, पिशवी लांब धरून, “तिथूनच टाका” म्हणत जवळा घेणारे. तिने एकदा विचारले, “आवरा घान येतंय तं खाता कशाला?” त्यावर त्यांनी गंभीरपणे उत्तर दिले, “मी नाही. आमचे वहिवाटदार खातात.” कासवाला त्यांनी दुसरे नाव ठेवले नव्हते. विहिरीचा वापर पिढ्यान्‌पिढ्या ज्याचा चालत आला तो वहिवाटदार, आणि बोलताना त्याचा उल्लेख नेहमी आदरार्थी.

मी वहीत लिहायचो: समक्ष पाहिले. ओळखीची खूण पटली. हयात. दोघांच्या सह्या व्हायच्या. मग तसेच चालत आम्ही बँकेत जायचो आणि रांगेत उभे राहून आपापले दाखले द्यायचो. बाहेर पडताना ते दरवर्षी तेच वाक्य बोलायचे: “चला, तिघेही जिवंत ठरलो.” मला त्यात विनोद दिसत नसे. ही नोंद पुराव्यादाखल होती.

पितळी वजनाची ठकठक नोव्हेंबरापुरती असती तर माझे काही म्हणणे नव्हते. ती रोज असे, सकाळी पावणेसहाला. त्यानंतर ते गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून पाण्याची पातळी मोजत आणि आकडा खडूने आपल्या दाराच्या चौकटीवर लिहीत. ठकठकीबद्दल मी सहा पत्रे दिली. आमच्या घरातून मला पाठिंबा शून्य. “अहो, त्या आवाजावर मी दुधाचं पातेलं ठेवते,” बायको म्हणायची. “आणि एवढी पत्रं त्या कासवासाठी लिहिता, लग्नाआधी मला एक लिहिलं असतंत तर माझ्या वडिलांनी इतका विचार केला नसता.”

गेल्या ऑगस्टमधल्या एका सकाळी पातेले उशिरा चढले. मी उठलो तो उशीर कशाने झाला याचा जाब विचारायलाच, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात मालक. इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हातात पाकीट.

“सचिव, नोटीस आहे.”

माझ्या पत्राच्या पाठीवर नव्हे, कोऱ्या कागदावर, शाईने लिहिलेली होती. ‘खरेदीखतातील कलम ११ मध्ये नमूद कासव आज सकाळी ५ वाजून ४४ मिनिटांनी पाण्यावर मृतावस्थेत आढळले. सबब उक्त कलमाचा अंमल आजपासून संपला आहे. पोच द्यावी.’

मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा लावला.

“हे काय आहे?”

“गेले,” ते म्हणाले.

“असं कसं जातील? काल संध्याकाळी मी खिडकीतून पाहिलं. पोहत होतं चांगलं.”

“मीही पाहिलं.”

दोनशे वर्षे, दोनशे वर्षे म्हणून अध्यक्षांनी माझे डोके खाल्ले होते. मी स्वतः एका पत्रात ‘सदर बंधन व्यवहारतः कायमस्वरूपी आहे’ असे लिहून बसलो होतो. आमच्यापैकी प्रत्येक जण जाईल आणि कासव राहील, ही त्या इमारतीतली एकमेव गोष्ट होती जिच्याबद्दल कोणाचा मतभेद नव्हता. आणि हा माणूस, ज्याच्या हातात ही बातमी लपवायचे सगळे अधिकार होते, मृत्यूनंतर चाळीस मिनिटांत, दाढी करून, स्वतःविरुद्धची नोटीस घेऊन माझ्या उंबऱ्यावर उभा होता. मला इतका संताप आला की माझा आवाज चिरकला.

“तुम्हाला गप्प बसता आलं नसतं?”

“किती दिवस?”

“नोव्हेंबरपर्यंत तरी! अजून वेळ होता. कोणी विचारलं होतं का तुम्हाला?”

“आणि नोव्हेंबरात तुम्ही वहीत काय लिहिलं असतं?”

मी नोटीस त्यांच्या हातात परत दिली. बारा वर्षांच्या पत्रव्यवहारात हे प्रथमच घडले.

“मी ही घेत नाही,” मी म्हणालो.

“कारण?”

“विहित नमुन्यात नाही.”

“विहित नमुना आहे?”

“नाही.”

त्यांनी पाकीट घडी करून खिशात ठेवले आणि ते खाली गेले. सातव्या पायरीवर त्यांचे पाऊल जरा जपून पडलेले मला ऐकू आले.

कल्याणहून जनावरांचे डॉक्टर आणवले, ते मीच. त्यांनी उलटेपालटे करून पाहिले. जखम नाही, सूज नाही. “वय असेल, हृदय असेल. कापल्याशिवाय सांगता येणार नाही,” ते म्हणाले. कापायला मालक नाही म्हणाले. मी विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला दिला. अहवाल आला: पाणी निर्दोष. निर्दोष हा शब्द वाचून माणसाला राग येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळले. कोणी औषध टाकले असते, कोणी दगड मारला असता, कोणाची हयगय झाली असती, तर मी लिहिले असते. पहिले पत्र, स्मरणपत्र, वरिष्ठांकडे प्रत, शेवटी अपील. माझ्यापाशी टंकलेखनाचा कागद होता, शाई होती, कलमे होती. फक्त पत्ता नव्हता.

वनखात्याला रीतसर कळवले. त्यांचा माणूस पुन्हा आला, पाहून गेला, पुरायला हरकत नाही म्हणाला. विहिरीलगत तगरीखाली वॉचमनने खड्डा खणला. मालकांनी तो टेपने मोजला, दोन इंच कमी भरला म्हणून पुन्हा खणायला लावला. मग त्यांनी पिशवीतून ताणकाटा काढला.

“आता हे कशाला?” मी विचारले.

“इतकी वर्षं नुसता अंदाज होता,” ते म्हणाले. “पाण्याबाहेर काढायचं नाही म्हणून कधी वजन केलं नाही. साडेतीन धरून चाललो होतो.”

कासव एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून त्यांनी काट्याला अडकवले. काटा खाली गेला, जरा डोलला, थांबला. ते वाकून पाहत राहिले. पुन्हा एकदा उचलून पुन्हा अडकवले.

“चार किलो सहाशे,” ते म्हणाले. “चूक झाली माझी. एवढे होते ते, आणि मी…” काटा हातात तसाच धरून ते उभे राहिले. शेवटी फडके वॉचमनने सोडवले.

पुढचे चार दिवस, रोज सकाळी दहाला, मालक नोटीस घेऊन येत राहिले आणि मी ती नाकारत राहिलो. ती आवक रजिस्टरला चढत नाही तोवर संस्थेच्या दफ्तरी कासव जिवंत आहे, असा माझा पवित्रा होता. तो कायद्यात टिकणारा नव्हता, हे मला कोणी सांगायची गरज नाही. “द्या ना त्यांना पोच,” बायको म्हणाली. “लोकांनी दिली नाही की महिनाभर घर डोक्यावर घेता, आणि स्वतः?” मी तिला म्हणालो की यातले तुला काही कळत नाही. ती म्हणाली, “मला सगळं कळतंय.”

पाचव्या दिवशी दहाला घंटा वाजली नाही. बाराला वाजली. दारात पोस्टमन.

“काका, सही करा. रजिस्टर आहे, पोचपावतीचं.” पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून तो हसू लागला. “तळमजल्यावरनं दुसऱ्या मजल्यावर? पार पोस्टात जाऊन आलं की हो हे! मला द्यायचं होतं, मी असंच वर फेकलं असतं.”

नोंदणीकृत टपाल नाकारले तरी ते बजावले गेले असेच धरतात. हे मालकांना ठाऊक असायचे कारण नव्हते. ते त्यांना एका पत्रात मीच ऐकवले होते. मी सही केली. वही काढली, शेवटच्या नोव्हेंबरच्या नोंदीखाली ‘मृत. नोटीस मिळाली.’ असे लिहिले, आणि त्या दिवशी जेवलो नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस वार्षिक सर्वसाधारण सभा होती. चौकात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बटाटेवडे, आणि विषय क्रमांक चार: विहीर बुजवून वाहनतळ करणे. अध्यक्षांनी विषय मांडला आणि लगेच मालकांकडे वळले. माणूस वाईट नाही. “मालक, तुमचं काही म्हणणं असेल तर बोला हं. नंतर वाईट वाटायला नको.”

मालक मागच्या रांगेत बसले होते. उठले, म्हणाले, “कलम संपलं. माझी हरकत नाही,” आणि बसले.

मग मीच उठलो. सचिवाने कार्यवृत्त लिहायचे असते, भाषण करायचे नसते, हे मला माहीत आहे. मी चाळीस मिनिटे बोललो. नळाला पाणी येत नाही त्या दिवशी संडासाला कुठले पाणी वापरता, हे विचारले. आग लागली तर बंब येईपर्यंत काय करणार, हे विचारले. भराव टाकला की पावसाळ्यात चौकात पाणी कुठे जिरणार, हे विचारले.

“एक मिनिट, सेक्रेटरी,” अध्यक्ष म्हणाले. “बारा वर्षं तुम्हीच विहिरीविरुद्ध पत्रं लिहीत होता ना?”

“त्या सर्व पत्रांना उत्तरे मिळालेली आहेत,” मी म्हणालो. “पाठीवर.”

बोलण्याच्या भरात मी विहिरीत चौतीस फूट पाणी असल्याचे ठोकून दिले. विहीरच मुळी अठ्ठावीस फुटांची आहे. चूक लक्षात येताच मी थांबलो आणि मागच्या रांगेकडे पाहिले. आता ते उठतील, म्हणतील, “मोजल्याशिवाय बोलू नये,” आणि सभा हसेल. मी वाट पाहिली. मालक खुर्चीत बसून समोरच्या माणसाच्या पाठीकडे पाहत होते. सहा फुटांची चूक त्यांच्या देखत झाली आणि त्यांनी ती जाऊ दिली. मी खाली बसलो.

“वडे गार होतायत,” कोणीतरी म्हणाले. विषय पुढे ढकलावा अशी सूचना आली, सगळ्यांनी हात वर केले. ‘पुढील सभेत विचारार्थ प्रलंबित.’ नोकरीत असताना हा शेरा मारणाऱ्या माणसांशी मी जन्मभर भांडलो. त्या दिवशी तो मी कार्यवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहिला, आणि खाली रेघ मारली.

एक नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता मी वही घेऊन खाली उतरलो. सवयीने, हे मान्य करतो. कठड्यापाशी कोणी नव्हते. मालकांचे दार उघडे होते. चौकटीवरचे खडूचे आकडे ऑगस्टमधल्या त्या सकाळच्या आदल्या दिवशी थांबले होते. आत दोन बॅगा भरून ठेवलेल्या, आणि मालक खाटेवर, बनियनवर बसलेले.

“बँकेत यायचं ना?” मी विचारले.

“यंदा नाही.”

“म्हणजे? उद्या?”

“नाहीच. मुलगी न्यायला येतेय दुपारी. घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. किती दिवस मागे लागली होती. मी म्हणायचो, वहिवाटदार आहेत तोवर मी आहे. आता कसली अडचण?”

“मुलीकडे खुशाल जा. हयातीचा दाखला द्यायचा त्याचं काय?”

“कशाला? तिच्याकडे दोन वेळचं मिळेल.”

“दाखला जेवणासाठी नसतो!” मी ओरडलो. बाहेर वॉचमन उठून उभा राहिला. “दाखला दिला नाही तो माणूस कागदावर मेलेला असतो, कळतंय का?”

“मग असू द्या,” ते म्हणाले. “माझंही कलम तेवढंच होतं.”

मला माझ्या आयुष्यात अनेकांनी संताप आणला आहे. परंतु त्या खाटेवरच्या माणसाइतका कोणीही नाही. “कलम अकरा विहिरीबाबत आहे,” मी म्हणालो. “मी ते शंभरदा वाचलंय. त्यात तुमचा उल्लेख नाही. एक शब्द नाही! जे लिहिलेलं नाही ते तुम्ही वाचताय, आणि आयुष्यभर लोकांना मापात राहायला सांगत आलात?”

मी स्टूल ओढले, बसलो, वही उघडली. ‘मृत. नोटीस मिळाली.’ या ओळीखाली तारीख घातली आणि मोठ्याने वाचत लिहिले: तळमजला, मागचा फ्लॅट. समक्ष पाहिले. हयात.

मालकांनी मान वर केली. “ओळखीची खूण?”

“काय?”

“ओळखीची खूण पटल्याशिवाय नोंद होत नाही. तुमचाच नियम.”

“सांगा मग.”

त्यांनी थोडा विचार केला. “उंची लिहा. पाच फूट साडेचार इंच.”

मी पेन खाली ठेवले. “मोजल्याशिवाय लिहिणार नाही,” मी म्हणालो.

ते उठले, बॅगेचा पट्टा सोडला, आतून टेप काढला आणि दाराच्या चौकटीला, आपल्याच आकड्यांना पाठ लावून ताठ उभे राहिले. मी स्टुलावर चढलो. त्यांच्या टाळूवर वही आडवी धरली आणि चौकटीवर खडूने खूण केली. टेप त्यांनीच धरला, कारण माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

“पाच फूट साडेतीन,” ते म्हणाले. पुन्हा एकदा मोजले. “इंचभर कमी झालो.”

मी आकडा लिहिला आणि सही केली. त्यांनी चष्मा लावून नोंद वाचली, सही केली, सहीखाली वेळ घातली, आणि हात पुढे केला.

“पोच?”

मी कागदाच्या चिठोऱ्यावर पोच लिहून दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा काढला. बॅगांचे आणि घोडबंदर रोडचे काय, हे मी विचारले नाही. तो विषय मी प्रलंबित ठेवला.

आम्ही चालत बँकेत गेलो. रांग लांब होती. किती लांब, ते त्यांनी मला सांगितले.